विद्यार्थी वाचतात, पण सलग वाचत नाहीत

मा. संपादक,

समाजमाध्यमांमुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे वाचन संपले, अशी तक्रार सध्या सर्वत्र ऐकू येते. गोव्यात अनेक वर्षे अध्यापन केल्यानंतर मला ती अपुरी वाटते. दिवसभरात मोबाइलवर ही मुले कदाचित आपल्यापेक्षा अधिकच शब्द वाचत असतील. मोडली आहे ती एकाच विषयावर तासभर टिकून राहण्याची सवय. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. पुस्तकातले प्रकरण कोठेतरी संपते. रील्सच्या रांगेला शेवट मुद्दामच ठेवलेला नाही. त्या रांगेत रोज तासन्‌तास रमणाऱ्या मुलाला, ज्याचा मुख्य मुद्दा बाराव्या पानावर उलगडतो असे वीस पानांचे प्रकरण जड वाटले, तर त्यात नवल नाही.

पडद्यावरील आणि कागदावरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असल्यास ही तफावत वाढते, असे त्यात आढळले. परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर पीडीएफ चाळणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून वेगळी नसते.

मात्र ती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते कोठून? बहुतेक वेळा प्राध्यापकांकडूनच. आयएसएचे, म्हणजे सत्रांतर्गत मूल्यमापनाचे, गुण तेवढ्यावर मिळत असतील, तर मूळ पुस्तक उघडण्याची तसदी कोण घेणार? पुस्तकांची वानवा म्हणावी, तर पणजीत पाटोवर १८३२ पासूनची परंपरा असलेले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय उभे आहे. मुलांना दोष देणे सोपे. अभ्यासक्रमातूनच पुस्तक अनावश्यक झाले आहे, हे मान्य करणे आपल्याला अवघड जाते.

म्हणून गोवा विद्यापीठाला विनंती आहे की, प्रत्येक सत्रातील किमान एक आयएसए एका संपूर्ण पुस्तकावर आधारित असावी आणि ती तोंडी घ्यावी, म्हणजे आयता सारांश पाठ करून भागणार नाही. मोठ्या वर्गांत हे वेळखाऊ ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे सुरुवात पदव्युत्तर वर्गांपासून करावी, कारण तेथे विद्यार्थिसंख्या मर्यादित असते.

– एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा