सिस्टर, ते पावडरच्या डब्यातलं आठवतंय का?

सिस्टर, तुम्हाला मी आठवणार नाही, दिवसाला किती बायका बघता तुम्ही. राधानगरी साइडच्या आरोग्य केंद्रात वहिनीला तपासायला घेऊन आलेलो, बारावीत होतो, कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलो ती मी. (हो, मुलगीच आहे, पण कोल्हापूरची, 'आलो-गेलो'च म्हणणार, हॉस्टेलवर पुण्याच्या पोरी अजून हसत्यात.)

वहिनीला सातवा महिना, हिमोग्लोबिन साडेआठ. पोटुशी बाईचं 11 च्या खाली गेलं की रक्त कमी, हे आता पाठ आहे, तेव्हा काय कळतंय. तुम्ही विचारलं गोळ्या घेतीस का, तर वहिनीच्या आधी आईच बोलली, घेती की रोज! तुम्ही म्हणाला, "मावशी, तिला विचारलंय, तिला बोलू द्या." आणि लगेच आईला केसपेपरच्या निमित्तानं बाहेर पाठवलं, लई भारी.

दार लागलं आणि वहिनी रडायलाच लागली. सगळ्या गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात साठवलेल्या, संडासला काळी होती म्हणून घाबरलेली, आणि घरात हे सांगायचं कुणाला. मला पण नाही सांगितलं, तिच्याच शेजारी बसून रोज जेवायचो मी.

तुम्ही ओरडला नाही. रक्तवाढीच्या गोळीनं काळी होतीच, घाबरू नको, चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे, मळमळलं तर रात्री जेवून झोपताना घे, एवढंच. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "कालनिर्णयवर रोज टिक मारायची, बाळ झाल्यावर पण 180 दिवस." मारल्या सिस्टर, सगळ्या. पोरगी झाली, आता शाळेत जाती.

नर्सिंगच्या इंटरव्ह्यूत का यायचंय विचारलं तेव्हा 'सेवेची आवड' म्हणून ठोकून दिलं. खरं कारण तो डबा. वर्गात कुणाला आयसीयू पाहिजे, कुणाला दुबई, मला बायकांचाच वॉर्ड, आणि पुढं 18 महिन्यांचा मिडवाइफरीचा, म्हणजे बाळंतपणं करायचा, कोर्स. लेबर रूमला पोस्टिंग लागल्यावर कळलं, अंगात रक्तच नसलं तर बाळंतपणात थोडं जादा गेलेलं पण बाईला झेपत नाही, तुम्ही त्या गोळ्यांसाठी एवढं का बसला ते.

परवा ओपीडीला एक पोरगी आली, मी विचारीन त्याचं उत्तर सासूच देतीय. केसपेपर आधीच काढून झालेला, मग काय, सासूला पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं.