केवळ मेगापिक्सेल पाहून कॅमेरा घेऊ नये

संपादक महोदय,

बेताच्या पैशांत कॅमेरा घेणारी हौशी मंडळी अजूनही मेगापिक्सेलच्या आकड्यालाच भुलतात, याचे मनापासून वाईट वाटते. चित्राचा कस मोठ्या अंशी सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या, आकारावर ठरतो. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातील सेन्सर जेमतेम 6 मिमी रुंद असतो, तर एपीएस-सी या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यातील सुमारे 23 मिमी, आणि अंधुक उजेडात हा फरक लगेच जाणवतो.

मी सर्किट बोर्डांची छायाचित्रे काढतो. वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा), त्यासोबत आलेली 18-55 मिमी लेन्स, एक्स्टेन्शन ट्यूब (अगदी जवळून टिपण्यासाठी लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची नळी) आणि भक्कम ट्रायपॉड एवढ्यावर सोल्डरच्या सांध्याला गेलेली केसाएवढी चीरही मला स्वच्छ टिपता येते. ट्यूब मात्र विद्युत-संपर्क असलेली घ्यावी, अन्यथा अशा लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येणारे छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

जुना कॅमेरा घेताना एफ/16 वर, म्हणजे हे छिद्र बरेच लहान करून, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून पाहावे. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. निकॉनच्या डी3000 व डी5000 मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्स (ज्या कॅमेऱ्यातील मोटरवरच फोकस होतात) त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत, हेही दुकानदाराने ग्राहकाला आधीच सांगायला हवे.

आपला,
एक हौशी छायाचित्रकार, सांगली