शिमग्याला येतोयस ना, मग शनिवारी पहाटे निघ

चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर बोलायला लागलो तर तू म्हणालास "बाबा मी काय लहान आहे का" आणि तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला, मग राहूनच गेलं. म्हणून हे टाईप करतोय, एका बोटाने, चष्मा लावून. चुका असतील त्या समजून घे पण पूर्ण वाच, नुसता अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

तुझा प्लॅन मला कळला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सात वाजता पुण्यातून बाईक काढायची, मागे तुझा तो रूममेट, त्याच्या मागे बॅग आणि आईसाठी घेतलेला मिक्सर, आणि रात्री एक-दीडपर्यंत घरी. अरे पण पालखी आपल्या दारात शनिवारी संध्याकाळी यायची आहे. रात्रीत येऊन तू करणार काय, झोपणारच ना?

एकतीस वर्षं यष्टी चालवली मी, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण याच रोडला. पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना माणूस घाबरूनच असतो, दरड, धुकं, पाणी, आपोआप स्पीड कमी होतो. शिमग्यात तसं काही नसतं, रस्ता कोरडा, हवा छान, पांगारा पळस फुललेला, मोहोराचा वास, आणि गाडी कधी सत्तर-ऐंशीला गेली ते कळतच नाही. मला या दिवसांची जास्त भीती वाटायची, खरं सांगतो.

त्यात पाटण साईडला मार्चमध्ये उसाचा सीझन संपत आलेला असतो. ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नाही, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने नाहीतर उसानेच झाकलेला. एकदा रात्री साडेनऊच्या सुमारास पाटणच्या अलीकडे अशीच एक ट्रॉली पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात उभी होती, खूण म्हणून मागे दोन दगड आणि एक झाडाची फांदी, बस एवढंच. मी एवढा उंच बसलेला, माझा लाईट एवढा, तरी मला ती दिसली नाही. समोरून एक जीप आली आणि तिच्या उजेडात मधेच काहीतरी काळं चौकोनी दिसलं म्हणून ब्रेक दाबला. एका बाईच्या पिशवीतले नारळ गडगडत माझ्या पायापर्यंत आले होते, अजून आवाज कानात आहे. गाडी थांबली, ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं काचेपासून हातभर लांब. आणि मग मागून धप्प. एक पोरगा बाईक घेऊन माझ्या मागेच चिकटून येत होता, तो बंपरला बसला. पाय मोडला, डोकं फुटलं, हेल्मेट होतं पण आरशाला अडकवलेलं. वाचला तो. पण त्या रात्रीनंतर मी ड्युटीवर जरा हळूच झालो, कंडक्टर चिडवायचे.

साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते रे. म्हणजे तुला ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तू यष्टीच्या दीड लांबीएवढा पुढे गेलेला असतोस, ब्रेक लागायची गोष्ट त्याच्या नंतरची.

आता तू म्हणशील दुपारी हाफ डे टाकून निघतो. तेही नको. उंब्रजला आत वळलास की चिपळूणपर्यंत तोंड पश्चिमेला, पाच-साडेपाचला बरोबर सूर्य डोळ्यात, त्यात तुझ्या हेल्मेटची काच घासलेली, दिवाळीला बघितली मी. पहाटे पाचला निघालास तर ऊन पाठीवर येतं. मात्र एक लक्षात ठेव, ऊन तुझ्या पाठीवर म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात, तू त्याला दिसत नाहीस. तुझ्या बाईकचा लाईट चालूच असतो, २०१७ पासून सगळ्या नव्या बाईकना तसाच येतो, पण म्हणून त्याने तुला बघितलं असेल असं धरून ओव्हरटेक करू नको.

घाटात उतरताना गाडी गिअरमध्येच ठेव, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचे धंदे नकोत, ब्रेक तापले की धरतच नाहीत. वणव्याचा धूर दिसला तर स्लो कर, धुरात कोण उभं आहे काय माहीत. आणि सावरीच्या झाडाखाली जपून. ती जाड लाल फुलं टायरखाली चेचून नुसता लगदा होतो, मी तुझ्या आईला घेऊन मोपेडवरून त्याच्यावर आडवा झालोय, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिला सांगितलं कुत्रं आडवं आलं. अजून तिला तेच माहीत आहे, तू बोलू नको.

यंदा ढग पण येताहेत मधेमधे. अवकाळी आलाच तर पहिल्या सरीत चालवू नको, चार-पाच महिन्यांची धूळ आणि ऑइल वर येतं, रस्ता साबण होतो. अर्धा तास चहा प्या कुठेतरी.

खाली उतरलास की शिमग्याच्या पोस्ताचे पैसे मागणारी पोरं भेटतील, रस्त्यात दोरी आडवी धरून. लांबून दोरी दिसत नाही, पोरं दिसतात, तेव्हा पोरं दिसली की स्लो. चिडू नको त्यांच्यावर, तू पण नाक्यावर काठी आडवी धरून पाच रुपयांशिवाय माणूस सोडायचा नाहीस. सुट्टे वरच्या खिशात ठेव. फुगा मारला कोणी तर मार खा आणि पुढे जा, मागे वळून बघू नको चालत्या गाडीवर. आणि रात्रीचं मी का नको म्हणतो त्यातलं अर्धं कारण हेच, तू पीत नाहीस माहीत आहे मला, पण शिमग्याच्या रात्री समोरून येणारा प्यायलेला असतोच. कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम लिहिलंय, दहा हजारापर्यंत दंड लिहिलाय, पण वाडीवाडीत मशीन घेऊन कोण उभं राहणार?

मिक्सर बाईकवर बांधू नको, यष्टीच्या पार्सलला टाक, मी स्टँडवरून घेतो. मागच्या पोराला पण हेल्मेट, उसनं आण कुणाचं तरी. त्याच्या आईला कळवलंय का त्याने?

उंब्रजला चहाला थांबलास की मिस कॉल दे, कोयनानगरला एक दे. घाटात फोन करू नको, आणि मी केला तर उचलू पण नको. आई करेल, तिला मी सांगतो. दहापासून मी नाक्यावर पारावर बसलेला असेन, तुझ्यासाठी नाही, पेपर वाचायला.

तुझे,
बाबा