बागेत सगळ्यांना जाता यावं म्हणून : सहकार्याचं आवाहन

नमस्कार.

दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून आपल्या वसाहतीतल्या बागेच्या फाटकाशी लोखंडी नागमोडी अडसर बसवला आहे. त्यातून व्हीलचेअर जात नाही, वॉकर धरून चालणाऱ्या आजी-आजोबांनाही वळता येत नाही. अडसर काढून किमान 90 सेंटिमीटरची मोकळी वाट ठेवायची, असं समितीने ठरवलं आहे. एवढ्या वाटेतून दुचाकीही जाऊ शकते, हे खरं आहे. म्हणून पैशांच्या आधी आम्ही माणसं मागतो आहोत. सकाळ-संध्याकाळ तासभर फाटकाशी बसायला तयार असाल, तर नाव नोंदवा.

दुसरी अडचण पायऱ्यांची. आत तीन पायऱ्या आहेत, तिन्ही मिळून साधारण दीड फूट उंचीच्या. 1:12 उताराच्या नियमाने (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) तिथे 18 फूट लांब रॅम्प लागतो, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. पाच-सहा फुटांत उरकलेल्या रॅम्पवर स्वतःच्या हातांनी चाकं ढकलणारा माणूस चढू शकत नाही आणि उतरताना तोल जातो. असा रॅम्प आपल्याला नको.

सार्वजनिक जागेत विनाअडथळा वावरणं हा 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेला हक्क आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. रॅम्प आणि स्वच्छतागृहाचं पक्कं काम महापालिकेनेच करावं, असा अर्ज तयार आहे. त्यावर जास्तीत जास्त सह्या हव्यात.

उद्यान विभागाची लेखी परवानगी घेऊन करायची छोटी कामं मात्र लोकवर्गणीतून होतील : बाकाशेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी फरसबंदी, उखडलेले पेव्हर ब्लॉक सपाट करणं, अंध व्यक्तींना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून उठाव असलेल्या फरश्या, झोपाळ्यांपर्यंत वाळूऐवजी घट्ट वाट. रोख नको असेल तर सिमेंट, फरश्या, पाइप द्या. गवंडी आणि वेल्डर बांधवांनी एक दिवसाचं काम दिलं तरी मोठी मदत होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, हिशेब सूचना फलकावर लागेल.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता बागेची पाहणी आहे. काम कुठून सुरू करायचं हे व्हीलचेअर, कुबड्या किंवा पांढरी काठी वापरणाऱ्यांनीच सांगावं, ही आग्रहाची विनंती. ज्यांना घरातून निघायला मदत लागेल, त्यांनी आदल्या दिवशी कळवावं. आमचे कार्यकर्ते न्यायला येतील.

आपली,
वसाहत उद्यान समिती