ईमेलवर आलेला खातेक्रमांक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात रोज असतात. त्यांत बहुतेक वेळा फोन येतो, धमकी येते, ओटीपी मागितला जातो. आमच्याकडे यातले काहीच घडले नाही. एक साधा, नम्र ईमेल आला आणि ३,८४,००० रुपये घेऊन गेला. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, एकतीस वर्षे हिशेब पाहते. ते पैसे माझ्या हातून गेले, म्हणून हे पत्र मीच लिहायला हवे.

साच्याच्या वाळूत मिसळायचे बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) आम्ही कच्छमधून मागवतो. पुरवठादार बारा-तेरा वर्षांचा जुना. मार्च २०२४ च्या अखेरीस त्यांच्या दोन ट्रकचे पैसे द्यायचे होते. २८ तारखेला, गुरुवारी दुपारी मेल आला : ऑडिटमुळे आमचे नेहमीचे खाते तात्पुरते बंद आहे, रक्कम सोबत दिलेल्या खात्यात भरावी. खाली आमच्याच आधीच्या मेलांची सगळी साखळी होती. बिलांचे क्रमांक बरोबर, रक्कम रुपया-पैशापर्यंत बरोबर. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी आणि पुढे वर्षअखेर, त्यामुळे त्याच दिवशी पैसे पाठवायची घाई होती.

मला शंका आलीच नाही असे नाही. ‘खाते का बदलले? खात्री करून कळवा,’ असे मी लिहिले. पण लिहिले ते त्याच मेलवर ‘रिप्लाय’ दाबून. दहा मिनिटांत उत्तर आले, ‘मॅडम, खात्री करूनच कळवले आहे,’ आणि सोबत रद्द केलेल्या चेकचा फोटो. म्हणजे खात्री मी चोराकडूनच करून घेतली. बेंटोनाइटवाल्यांचा फोन नंबर माझ्या टेबलावरच्या प्रत्येक जुन्या बिलावर छापलेला होता. तो फिरवला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी आरटीजीएसने बँकेतून पैसे पाठवून दिले.

मंगळवारी, २ एप्रिलला कच्छहून फोन आला, “बेन, पेमेंट कधी करताय?” माझ्या पायाखालची जमीन सरकली. संगणकावर मेल उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर अक्षर लावून पाहिला. त्यांच्या पत्त्यातला इंग्रजी ‘एम’ काढून तिथे ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले होते. चष्मा लावूनही चटकन कळत नाही. त्या गुरुवारी तर मी मेल मोबाइलवर वाचला होता, आणि तिथे पत्ता दिसतच नाही, नुसते नाव दिसते.

लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. त्या खात्यात ६१,००० रुपये उरले होते, तेवढे गोठवले गेले. बाकीचे पाच दिवसांत कुठल्या कुठे पसार झाले होते. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुरवठादाराला त्यांनी पुन्हा सगळी रक्कम दिली. आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढे कळले की मेलपेटी आमची नव्हे, पुरवठादाराची फुटली होती. त्यांचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता. त्याने सेटिंगमध्ये जाऊन येणारा प्रत्येक मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जाईल अशी सोय करून ठेवली होती. हे फॉरवर्डिंग नुसता पासवर्ड बदलून थांबत नाही, ते शोधून काढून टाकावे लागते. वाचकांनी आपापल्या मेलपेटीत ही जागा आजच उघडून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि असा खोटा मेल आलाच, तर संतापाच्या भरात डिलीट करू नये. तो कुठून निघाला याच्या खुणा मूळ मेलमध्ये असतात, मेलच्या स्क्रीनशॉटमध्ये त्या उतरत नाहीत.

पण मला खरे सांगायचे आहे ते याच्या मागचे. तो मेल मला परका का वाटला नाही, याचा मी खूप विचार केला. १९९३ साली मी नोकरीला लागले तेव्हा टाइपरायटर होता, कार्बन पेपर होता. (मेलमधल्या ‘सीसी’चा अर्थही कार्बन कॉपी असाच आहे, हे आमच्या नव्या मुलांना ठाऊक नसते.) पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख, मग ‘विषय’, मग ‘संदर्भ’, शेवटी सही आणि हुद्दा. आमचे हेडक्लार्क एका पत्रात दोन विषय घालू देत नसत. ईमेल आला आणि ही सगळी शिस्त आम्ही टाकून दिली. बिलाची चौकशी आम्ही गेल्या दिवाळीच्या शुभेच्छांच्या मेललाच उत्तर देऊन करायचो. विषयाची ओळ रिकामी. खाली कुणाचे नाव नाही. ऑफिसच्या एकाच आयडीवरून चौघे लिहायचे आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे. पलीकडूनही तसेच. अशा गचाळ पत्रव्यवहारात चोराला फार नक्कल करावी लागत नाही. आमच्या दोघांच्याही मेलांना ठरलेला साचा असता, तर त्याचा मेल उठून दिसला असता. म्हणून नीटनेटका मेल लिहिणे ही मला आता नुसत्या वळणाची गोष्ट वाटत नाही. कुलपाइतकीच ती गरजेची आहे.

आता आमच्याकडे एका मेलमध्ये एकच विषय असतो. विषयाच्या ओळीत बिल क्रमांक, तारीख आणि काय हवे ते लिहितो, खाली लिहिणाऱ्याचे नाव. चौघांना चार आयडी दिले, दुहेरी पडताळणी लावली. दरपत्रके मागवताना साऱ्या पुरवठादारांचे पत्ते ‘बीसीसी’त टाकतो, म्हणजे कोणाकोणाला विचारले ते एकमेकांना दिसत नाही. खाते बदलल्याचे कुणी कळवले की जुन्या बिलावरच्या नंबरला फोन, आवाज ओळखीचा वाटला तरच पुढे. मग एक रुपया पाठवतो आणि तो पोचल्याचे तोंडी विचारतो.

आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे खातेक्रमांकावर जमा होतात, आपण लिहिलेले नाव जुळते का हे त्यात पाहिले जात नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय करायची होती, शाखेत येणाऱ्यांसाठीसुद्धा. ती फुकट आहे. मला ही सोय एक वर्ष आधी मिळाली असती तर बेंटोनाइटच्या पैशांसमोर एका तिऱ्हाइताचे नाव दिसले असते. पण नाव दिसते म्हणून फोन टाळू नये, कारण मिळत्याजुळत्या नावाचे खातेही उघडता येते.

कोल्हापूर परिसरातल्या लहान कारखान्यांना माझे एकच सांगणे आहे. आपल्या प्रत्येक बिलावर ठळक अक्षरांत ही ओळ छापा : ‘आमचे बँक खाते बदलल्याचे आम्ही केवळ ईमेलने कधीही कळवणार नाही.’ आमच्या बिलांवर ती छापून येते. आमच्याशी व्यवहार करणाऱ्या सदतीस पुरवठादारांना मी स्वतः फोन करून तसे सुचवले, आतापर्यंत चौदा जणांनी छापले आहे. उरलेल्या तेविसांच्या मागे मी लागलेली आहे.

आपली विश्वासू,
फाउंड्रीतील एक हिशेबनीस, कोल्हापूर