नायगारा नाही, टर्की

मंदे,

तू व्हॉइस मेसेजमधे विचारलंस ना काय काय बघितलंस तिकडे, तर नायगारा अजून झालेला नाही, जावयाला सुट्टी नाही. मी सध्या टर्की बघतेय, देश नव्हे गं, कोंबडीसारखा तो मोठा रानपक्षी. हसू नकोस. लेकीचं घर मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगरात, समोर गवताचं मोठं रान, कडेने मेपल-ओकची झाडी, आणि सकाळी साडेसहाला चहा घेऊन खिडकीत बसलं की झाडीतून एक मादी येते, मागे पिल्लांचं लटांबर.

जूनच्या सुरुवातीला पहिल्यांदा आली तेव्हा पिल्लं दिसलीच नाहीत, नुसतं गवत हलत होतं. रस्ता ओलांडताना मोजली, अकरा. आपल्या गावठी पिल्लांसारखीच, पिवळट, वर तपकिरी ठिपके. आईला मात्र सुंदर म्हणवत नाही गं, डोकं बोडकं, निळसर, मान सोलून काढल्यासारखी, पण ऊन पडलं की पिसं चिंचेने घासलेल्या कळशीसारखी झळकतात. बाप? तो एप्रिल-मेमधे पिसारा फुलवून नाचून गेला म्हणे. अंडी 28 दिवस उबवली हिने एकटीने, जमिनीवर, पालापाचोळ्यात. तू यावर काय म्हणशील ते मला माहितीये, इथे लिहीत नाही, लेक कधीकधी फोन बघते.

आपल्याकडे खुडूक बसवली, पिल्लं निघाली की डालग्याखाली झाकायची, कण्या टाकायच्या, संपलं. इथे डालगं कोण घालणार! आई भरवत पण नाही, ती नुसती रानातून चालते आणि पिल्लं आपली आपण किडे टिपतात. एकाने गवताच्या पात्यावरच्या किड्यावर उडी मारली, किडा गेला आणि हे उताणं, पाय वर. एकदा वर हॉक घिरट्या घालायला लागला तर आईने पट् पट् असा आवाज काढला आणि सगळी जागच्या जागी चपटी झाली, मी पण कप हातात धरून तशीच बसले, मला कोण उचलणार होतं देव जाणे.

मग तीन दिवस गार पाऊस. पहिले दोनेक आठवडे पिल्लांना झाडावर उडून बसता येत नाही, रात्री आईच्या पंखाखाली जमिनीवरच, तिथे कोल्हा येतो, रॅकून येतो, आणि भिजली तर गारठूनच जातात. पाऊस उघडल्यावर सात. तीनदा मोजली. नातीला सांगितलं बाकीची झोपलीत, तिला पटलं नसावं.

शेजारचे म्हातारबुवा कुंपणापाशी बोलायला थांबतात, मला निम्मं कळतं, उरलेलं जावई सांगतो. शेतीसाठी जंगलं तोडली, वर शिकार, त्यामुळे 1851 पर्यंत या राज्यातली टर्की संपली होती. मधे पाळीव पैदाशीतली सोडून बघितली, ती टिकली नाहीत, त्यांना रान कुठे माहीत! शेवटी न्यूयॉर्क राज्यातून खरी रानातली 37 पकडून आणली आणि 1972-73 मधे इथेच बर्कशायरमधे सोडली. आता राज्यात हजारोंनी आहेत, रस्त्यात मधोमध उभी राहतात आणि गाड्या थांबतात. म्हातारबुवा हे सांगताना असे खुलतात की वाटावं यांच्याच घरची.

परवा संध्याकाळी आई धपापत उडाली आणि पाइनच्या खालच्या फांदीवर बसली, मागोमाग पिल्लं, एकेक करत सहा. सातवं अर्ध्यावरून खाली. परत पळत आलं, परत खाली. आई वरून बारीक आवाजात बोलवत होती, हे खाली चिवचिवत खोडाभोवती फेऱ्या मारतंय, लेक जेवायला हाका मारतेय, मी हलले नाही. मग अंधार झाला, फांदी पण दिसेना. रात्री दोनदा उठले, खिडकीतून काय दिसणार, काळोख नुसता.

सकाळी सात होती.

तुझा गुडघा कसा आहे? आणि येताना काय आणू ते कळव, चॉकलेट सोडून.

तुझी,
शालू