शिलाहार : नावाचा अर्थ

मध्ययुगात कोकण व कोल्हापूर परिसरावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांवरील रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र ‘शिळांचा हार, म्हणजे मंदिरे उभारणारे’ ही नावाची फोड पटली नाही. हे राजे ताम्रपटांत स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात, आणि नागाचा जीव वाचवण्यासाठी शिळेवर बसून गरुडाचा आहार व्हायला निघालेल्या त्या विद्याधर राजपुत्राच्या कथेतच ‘शिला’ व ‘आहार’ हे दोन्ही शब्द आहेत. ‘सुवर्णगरुडध्वज’ हे त्यांचे बिरुदही याच कथेशी जुळते. कथा मागाहून रचलेली असेल, तरी घराण्याने स्वतःच्या नावाचा लावलेला अर्थ तोच आहे. याच राजांनी बांधलेल्या व शके ९८२ चा (इ.स. १०६०) शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या मंदिराला आजही ‘पांडवकालीन’ म्हटले जाते, तेव्हा निदान छापील मजकुरात तरी या राजांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत यावे.

– एक वाचक, ठाणे